पायांना बसवलेली मोटार

त्या रविवारी सकाळी वटार गावच्या मंगल कार्यालयात कोणाचेही लग्न नव्हते; तरी चपलांचा ढीग फाटकाबाहेर आला होता. आत व्यासपीठावर श्रीस्पंदनानंद महाराज रेशमी भगव्या वस्त्रांत विराजमान होते आणि त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेल्या भक्ताचे पाय आपोआप उडत होते. भक्ताने अनवाणी तळवे मखमली चादरीवरच्या दोन ताम्रपटांवर, म्हणजे तांब्याच्या पत्र्यांवर, ठेवायचे, महाराजांनी त्यांवर कमंडलूतले तीर्थ शिंपडून मंत्र आरंभायचा, की पोटऱ्या फडफडू लागत. म्हाताऱ्यांचे डोळे पाणावत. "जय स्पंदन!" असा घोष छतापर्यंत जाई.

"पेशी म्हणजे कोण?" महाराज विचारीत. "पेशी म्हणजे देवी! तुमच्या देहात कोटी कोटी देव्या झोपल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, चाला, घाम गाळा. अरे, देवीला घाम गाळायला लावता? तुम्ही बसा. पेशी चालतील!"

आणि मग मंत्र : "ॐ पेशी पेशी महापेशी, स्पंद स्पंद स्वाहा!"

मी उभे आयुष्य संस्कृत शिकवण्यात घालवले. आजही ग्रंथ उघडण्यापूर्वी त्याला हात जोडतो. मंत्रावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच ही अक्षरांची भेळ ऐकताना माझ्या मस्तकात कळ जात होती. तरीही मी मागच्या रांगेत बसून राहिलो, कारण पुढच्या रांगेत माझा धाकटा भाऊ सुधाकर आपली पाळी येण्याची वाट पाहत होता.

सुधाकर बागायतदार. केळी आणि मोगरा हे त्याचे विश्व. मधुमेहाने त्याच्या तळव्यांतली संवेदना हळूहळू हिरावून नेली होती. काटा रुतला तरी त्याला कळत नसे. गेल्या वर्षी माझी जुनी विद्यार्थिनी ॲनिशा गावात चालणाऱ्यांचा एक गट उभा करू लागली, तेव्हा मी त्याला हट्टाने त्यात घातले. ॲनिशा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत पेशींचा अभ्यास करते. काचेच्या बशीत माणसाच्या स्नायूंच्या पेशी वाढवायच्या, त्यांना विजेचे बारीक ठोके देऊन आकुंचित करायचे आणि व्यायामाने पेशीच्या आत काय पालटते ते पाहायचे, हे तिचे संशोधन. बशीत दिसते ते चालत्या माणसात घडते का, हे पडताळण्यासाठी तिला गावची माणसे हवी होती. सुधाकर नेमाने चालू लागला, त्याची रक्तातली साखर उतरली. मग महाराज आले आणि ॲनिशाचा गट एकेक करून या सभागृहात येऊन बसला. सुधाकरने चालणे सोडलेच; गोळ्याही कपाटात ठेवल्या.

मी त्याला समजावू गेलो, तर तो हसून म्हणाला, "दादा, आपले आजोबा रहाट चालवायचे. तू-मी विहिरीवर मोटार बसवली. बागेला पाणी कमी पडलं का?"

"अरे, बाग वेगळी आणि देह वेगळा."

"कसा वेगळा? कष्ट मोटारीने करायचे, फळ आपण खायचं. महाराजांनी पायांना मोटार बसवलीय, एवढंच."

आमच्या वाडीतल्या माणसांची हीच चूक. बटण दाबताच पाटात पाणी खळाळताना ज्यांनी पाहिले, त्यांना रक्तही तसेच खळाळेल असे वाटते. मी किती बोललो! शेवटी माझाच घसा बसला.

आता सुधाकर खुर्चीत बसला. तीर्थ शिंपडले गेले, मंत्र सुरू झाला, आणि त्याच्या वाळक्या पोटऱ्या उडू लागल्या. तो लहान मुलासारखा हसला. "दादा, बघ! माझे पाय जिवंत झाले!"

तेवढ्यात महाराजांना ठसका लागला. मंत्र तुटला, ते बराच वेळ खोकत राहिले.

शेजारी बसलेल्या ॲनिशाने माझा दंड धरला. "सर, पाहिलंत? मंत्र थांबला, पण काकांचे पाय थांबले नाहीत. ठेकासुद्धा चुकला नाही. हा ठेका मी रोज माझ्या बशीत बघते."

आणि मी काही बोलण्याआधी ती व्यासपीठावर होती.

"महाराज, एक शंका. काका, फक्त डावा पाय उचला."

सुधाकरने उचलला. उजवा पायही जागच्या जागी निश्चल झाला.

"उजव्या पायाने काय पाप केलं?" ॲनिशाने विचारले. "तो तर ताम्रपटावरच आहे."

"श्रद्धा खंडित झाली!" महाराज गरजले.

"श्रद्धा नाही, मंडल खंडित झालं. वीज एका पायातून चढते आणि दुसऱ्यातून उतरते. एक उचलला की वाट बंद."

सभागृहात कुजबुज झाली. महाराज सावरले. "नास्तिक मुली! हा प्राणसंचार आहे. तो केवळ दीक्षित भक्ताच्या देहातच होतो!"

इथे फ्लोरा उठली. अर्नाळ्याची ही कोळीण गुडघ्यांसाठी आली होती. तिची मासळीची पाटी फाटकाशी होती. ती गेली आणि शेपटीला धरून एक ताजी बोय घेऊन आली. "महाराज, आत्ताच होडीतनं उतरवलेली हाय. हिला दीक्षा कोनी दिली नाय. बघू तरी हिचा प्रान कसा संचरतो!"

"अब्रह्मण्यम्! मासळी? व्यासपीठावर?"

"माझ्या पाटीतलं पानी चालत नसंल, तर तुमचंच शिंपडा की!"

मी जन्माचा शाकाहारी. त्या दृश्याने माझ्याही अंगावर शहारा आला. पण मी डोळे मिटले नाहीत. बोय दोन ताम्रपटांवर आडवी झाली, आणि ती मेलेली मासळी टपटप शेपूट आपटू लागली.

कोणी तरी खुदकन हसले. फ्लोरा म्हणाली, "लय भक्तीची निघाली गं बाई!" आणि सारे सभागृह फुटले.

ॲनिशाने मखमली चादर ओढली. खालून दोन तारा निघून महाराजांच्या आसनाखालच्या पेटीत गेल्या होत्या. तीर्थ म्हणजे वीज नीट वाहावी म्हणून मिठाचे पाणी. महाराज "यंत्र, तंत्र, मंत्र एकच असतात" असे पुटपुटत मागच्या दाराने गाडीकडे गेले.

माझा खरा संताप त्यानंतर उसळला. पहिल्या रांगेतले एक प्रतिष्ठित गृहस्थ पुढे येऊन ॲनिशाला विचारते झाले, "मॅडम, हे मशीन वालीवच्या कारखान्यांत बनवून मिळेल का? म्हणजे घरीच बसून..."

ॲनिशाने क्षणभर कपाळ धरले. "असं यंत्र दवाखान्यात असतं, काका. दुबळ्या स्नायूंसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. पण तुम्ही चालता तेव्हा हृदय, फुप्फुसं, सगळा देह कामाला लागतो. स्नायूच्या पेशीला ऊर्जा कमी पडते, म्हणून ती हळूहळू आपल्या आत ऊर्जेची नवी घरं बांधते, रक्तातली साखर ओढून घेते. पोटरी जराशी फडफडली, एवढ्याने त्याची भरपाई होत नाही. आणि ज्याच्या तळव्यांना काही कळत नाही, त्याच्यासाठी तर..."

ती थबकली. मग सुधाकरसमोर गुडघ्यांवर बसली आणि त्याचा उजवा पाय उलटा केला.

तळव्यावर भाजल्याचा काळसर डाग होता. कडा ओल्या. मागच्या रांगेलाही चमत्कार दिसावा म्हणून पेटीचा जोर वाढवलेला होता. इतरांना चटका बसे, ते पाय हलवत. सुधाकरला काही कळत नव्हते. प्रत्येक वेळी तो तृप्त होऊन घरी येत होता.

"दुखत नाही रे, दादा," तो म्हणाला. त्याला वाटले, ही चांगली बातमी आहे.

डॉक्टरांनी जखम साफ केली आणि स्पष्ट सांगितले, आणखी थोडा उशीर झाला असता तर पाऊल गेले असते. औषधे पुन्हा सुरू झाली. पुढे कित्येक आठवडे त्या पायावर भार देण्याची मनाई होती. ज्याला चालायला सांगत होतो तो चालायचा थांबला होता, आणि आता चालायला तयार झाला तेव्हा त्याला चालता येत नव्हते. तो ओट्यावर बसून हातांचे व्यायाम करी आणि रस्त्याकडे पाही. जखम काठाकडून भरत आली, एकेका पेशीने, कोणाच्याही मंत्राविना. मला विचाराल, तर मला साक्षात परमेश्वर तिथे दिसला.

वाचकहो, देवाला नमस्कार अवश्य करा. पण जो तुम्हाला देवाच्या नावाने बसवून ठेवतो, त्याच्या आसनाखालची चादर आधी उचलून पाहा. औषध सोडायला सांगणाऱ्याला प्रश्न विचारा. प्रश्नाने चिडतो, त्याच्याकडे उत्तर नसते. आणि उठा, चाला.

डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या सकाळी सुधाकर मऊ बूट घालून वाडीतल्या विहिरीपर्यंत चालत गेला. मी शेजारी होतो. वाटेत तेच प्रतिष्ठित गृहस्थ भेटले. आवाज खाली आणून म्हणाले, "सुधाकरराव, ते मशीन कुठे मिळेल, काही कळलं का हो?"

मी तोंड उघडणार, तोच सुधाकरने हात वर करून मला थांबवले.

"माझ्याकडे आहेत ना, दोन," तो आपल्या पायांकडे बोट दाखवत म्हणाला. "पण स्वतः चालवावी लागतात. येता का विहिरीपर्यंत?"