पक्कं पाणी

भिकुबाईने काचेच्या पेटीवरचं ओलं फडकं उचललं आणि ती खाली वाकली. पेटीत अकरा मुऱ्या होत्या, नदीतली बारीक मासळी. अकराच्या अकरा पांढरी पोटं वर करून उताण्या पडल्या होत्या.

तिने पाण्यात बोट घालून एकीला ढोसलं. मुरी बोटाबरोबर हलली आणि बोट थांबताच थांबली. सारा जन्म पांझरेच्या पाण्यात गेलेली ही भोयाची बाई, मेलेली मासळी तिला काय नवी? पण या अकरांना ती रोज सकाळी येऊन मोजत होती, सतरा दिवस.

"शेठाणी! ओ शेठाणी! लवकर या!"

गुलाबबाई माळ हातात घेऊनच मागच्या पडवीत आल्या. त्यांनी पेटीत पाहिलं, मग भिकुबाईच्या तोंडाकडे पाहिलं.

"झोपल्या आहेत ना ग?"

भिकुबाईचं लक्ष पाण्याकडे गेलं. पाणी कसं लख्ख होतं! काल संध्याकाळपर्यंत त्यात नदीचा हिरवट गढूळपणा होता, आता तळाचा खडान्‌खडा दिसत होता.

"हाई पानी कोठलं?"

"मीच बदललं रात्री. ते किती घाण होतं! चांगलं उकळवून घेतलं, गार केलं, दुहेरी कापडातून गाळून घातलं. पक्कं पाणी आहे. मी पिते तेच."

"उकायेल पानी?" भिकुबाईने कपाळावर हात मारला. "अवो माय, उकायेल पानीम्हा मासा जगस का? तुम्ही हाई काय करं? त्यास्ना दम कोंडी गया ना!"

बोलून गेली आणि जीभ चावली. पण तोंडातून सुटलेला शब्द कोणाला परत घेता आला आहे? गुलाबबाईंच्या हातातली माळ खाली पडली. त्यांनी ती उचललीसुद्धा नाही.

धुळ्याच्या चौथ्या गल्लीतल्या या मारवाडी जैन घराशी भिकुबाईचं नातं जरा गमतीचंच होतं. मासळीची टोपली दारापासून दहा हात लांब ठेवायला लावणारी ही शेठाणी दर उन्हाळ्यात तिची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक असायची. गुलाबबाई जिती मासळी घ्यायच्या आणि नदीत परत सोडायला लावायच्या. जीवदया! भिकुबाईही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. ती वरच्या डोहात मासळी सोडायची आणि तिचा नवरा हिलाल खालच्या डोहात जाळं लावून बसायचा. एकेका मुरीने शेठाणीला तीन-तीनदा पुण्य मिळवून दिलं होतं.

यंदा मात्र चैत्रातच पांझरा आटली. डोह नाही तर सोडायचं कुठे? बोटाएवढ्या, मिशाळ, अंगावर पट्टे असलेल्या अकरा मुऱ्या शेवटच्या डबक्यात तडफडत होत्या, त्या भिकुबाईने मडक्यात घालून आणल्या तेव्हा गुलाबबाईंनी ठरवलं, पाऊस पडून नदी वाहीपर्यंत या आपल्या घरी राहतील. महायुद्धामुळे बाजारात नवी काच मिळत नव्हती. त्यांनी दुकानातली जुनी काचेची पेटी रिकामी करून घेतली, सुताराकडून तिच्या फटी लुकणाने बुजवून घेतल्या आणि भिकुबाईला म्हणाल्या, "आता तू सांगशील तसं."

तू सांगशील तसं! असं तिला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. तिने नदीतली बारीक वाळू सात पाण्यांनी धुऊन चार बोटं पसरली. खरखरीत वाळूत मुरीच्या मिशा सोलतात, म्हणून बारीक. चपटे दगड एकमेकांवर टेकवून लपायला जागा केली. लांब पात्यांचं पाणगवत मुळांसकट आणून वाळूत रोवलं, म्हणजे सावली पडेल; ते पिवळं पडलं की ती नवं आणून रोवायची. पेटी उन्हाबाहेर ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. पहिल्या दिवशी मुऱ्या वाळूत शिरून दिसेनाशा झाल्या तर गुलाबबाई रडकुंडीला आल्या, "पळाल्या का ग?" भिकुबाई पोट धरून हसली होती. मग एकेकीने वाळूतून तोंड वर काढलं आणि दोघी बाया, एक खायची, एक वाचवायची, पेटीला नाक लावून तासभर बसल्या. भिकुबाईला तिथे बसायला पाट मिळाला होता. पेटीचा लळा लागला की काय कोण जाणे, घरी हिलालने जाळं झटकलं की ती तोंड फिरवायची.

आणि आता हे.

"अकरा," गुलाबबाई पुटपुटल्या. "माझ्या हातानं अकरा."

"शेठाणी, मासळी शे ती. मरस."

"तुझ्या हातानं मरते ती तुझ्या पोटासाठी. माझ्या हातानं कशासाठी मेली?"

भिकुबाईने मुऱ्या पदरात गोळा केल्या आणि मागच्या दारानं निघून आली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गुलाबबाईंची सून राजकुंवर स्वतः चालत भोईवाड्याच्या तोंडाशी आली. शेठाची सून भोईवाड्यात! ओट्यावरच्या बाया आ वासून बघत राहिल्या.

"भिकुबाई, सासूबाईंनी अकरा उपास धरलेत. जिवागणिक एक."

"धरू द्या. उपासनी सवय शे त्यास्ले."

"उपासाचं नाही हो. त्या पाणी पीत नाहीत." राजकुंवर ओट्याजवळ आली. "कच्चं पाणी त्यांना चालत नाही, लग्न झाल्यापासून नेम आहे. आणि उकळलेलं समोर धरलं की म्हणतात, या पाण्यानं मी अकरा जीव मारले, ते माझ्या घशाखाली कसं उतरेल? परवा सकाळपासून थेंब नाही. आमचे गुरू महाराजसाहेब विहारात आहेत, पायी दूर गावी, त्यांना बोलवायला माणूस गेलाय, पण तोवर... आज जीभ वळत नाही त्यांची."

वैशाखातलं धुळं. दगड तडकावेत असं ऊन. भिकुबाई तिच्याबरोबर निघाली. शब्द आपला. आपण 'उकायेल पानी' म्हणालो नसतो तर म्हातारीला काय कळणार होतं! रस्ताभर ती एकच विचार करत चालली.

पडवीत गुलाबबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सालपटले होते. शेजारी झाकलेला तांब्या होता.

भिकुबाई पाटावर बसली नाही. उभी राहिली.

"शेठाणी, आयका. तुमनं पानी नही मारं त्यास्ले. मी मारं."

गुलाबबाईंनी डोळे उघडले.

"त्या सांजले मी नवं गवत आनं ना, ते मी शेर टाकेल डबकानं व्हतं. शेरना चीक. मासा धराले टाकतस, त्यान्हं विख गवतले लागस. माले ठाऊक व्हतं. दूर जावाना कटाया उना, जवळथीन उपटी लयनू. आनि मुऱ्या मरन्यात तव्हय घाबरीसन तुमना पानीवर ढकली दिनं."

राजकुंवर दचकून तिच्याकडे बघत राहिली. शेराच्या झाडाच्या चिकानं पाणी विषारी करून मासे धरणं म्हणजे भोयांत जातीबाहेर काढण्याजोगा गुन्हा. एकाने शेर टाकायचा आणि सगळ्या वाड्याच्या पोटावर पाय द्यायचा. अशा बाईची मासळी कोण घेणार? तोंडाने कोणी कबूल करत नाही, खरं असलं तरी.

"तुला माहीत होतं?" गुलाबबाईंचा आवाज घोगरा होता.

"व्हतं."

"माझ्याजवळ बसून त्यांना रोज मोजत होतीस. आणि विष घातलंस?"

"घातं."

गुलाबबाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता आधी, नुसता धक्का होता. मग राग आला.

"जा," त्या म्हणाल्या. "या दारात पुन्हा पाय ठेवू नकोस."

भिकुबाई पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय आत ओढून घेतले.

घरगड्याने पडवीतलं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळपर्यंत गोष्ट बाजारात पोचली. रात्री हिलालने विचारलं, "तू शेर कव्हय टाका?" तिने सांगितलं, "टाका." तो तिच्याबरोबर तीस वर्षं संसार केलेला माणूस. त्याने पुढे विचारलं नाही, पण जेवलाही नाही. पंचांनी पौर्णिमेला बैठक ठेवली.

दुसऱ्या दिवशी ती तापीची मासळी घेऊन बाजारात बसली. नेहमीच्या बाया आल्या, टोपलीत वाकून पाहिलं, एकमेकींना कोपर मारलं आणि पलीकडे झुंबरबाईच्या टोपलीकडे गेल्या. दुपारपर्यंत टोपली भरलेलीच. ती मासळीवर पाणी शिंपडत राहिली.

उन्हं कलताना राजकुंवर टोपलीपासून चार हातांवर येऊन थांबली. डोक्यावर पदर ओढलेला, टोपलीकडे न बघता ती हळूच म्हणाली, "भिकुबाई, पाणी मीच उकळलं होतं. मला खरं सांगा. त्या गवताला..."

"शेरच व्हता," भिकुबाई म्हणाली. "जास्त इचारू नका, माय."

राजकुंवरचे डोळे भरून आले. ती जायला वळली.

"आयका," भिकुबाईने मागून हाक मारली. "पिन्यात का?"

"काल तुम्ही गेल्यावर लगेच. दोन पेले."

"उकायेल?"

"उकळलेलं."

भिकुबाईने मान हलवली आणि टोपलीवरचं फडकं पुन्हा ओलं करायला घेतलं.