हिचं तुम्हाला माहीतच आहे

आमच्या इमारतीत पाइप वाजला की मी वरच्या मजल्यावर जाते. वरचे काका आता दार उघडतानाच सांगतात, "कोणी अडकलेलं नाहीये, नळ सोडलाय फक्त." आई त्यांची माफी मागते आणि मला दंडाला धरून खाली आणते. वर्षभर परदेशात शिकवून आल्यापासून पोरगी अशी झाली, असं ती आत्याला फोनवर सांगते. तिचं चुकत नाही. पण तिथे काय झालं ते मी तिला सांगितलेलं नाही.

पदवी मिळाल्यावर नोकरीला लागायच्या आधी मी घरच्यांकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. "स्वतःचा चहाचा कप विसळत नाहीस आणि निघालीस परक्यांच्या पोरांना वळण लावायला," आई म्हणाली होती. बाबा म्हणाले, "जाऊ दे. चार टक्केटोणपे खाईल, शहाणी होऊन येईल." टक्केटोणपे बसले, पण ते खाल्ले दुसऱ्यांनीच.

शाळा लहान होती. खाली दोन वर्ग, वर मोडक्या बाकांची एक खोली. दर वर्षी माझ्यासारखा कोणीतरी हौशी शिक्षक यायचा आणि पुढचा यायच्या आत निघून जायचा. म्हणून तिथे एक वही होती. प्रत्येक मुलासमोर दर वर्षाचा एक रकाना. पुढच्याला काही नवं सांगायचं असेल तर लिहायचं, आणि रकाना कोरा ठेवला तर मागचंच कायम समजायचं. मी ती वही परीक्षेच्या गाइडसारखी पाठ केली. एका मुलीसमोर लिहिलं होतं, "लक्ष वेधून घेण्यासाठी काहीही सांगते. फसू नये."

ही मुलगी शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून बसायची. नऊ वर्षांची, काडीसारखी मान आणि कान किटवणारा आवाज. पहिल्याच आठवड्यात ती "बाई, संडासात साप!" म्हणून ओरडली. सगळी शाळा मैदानात. साप म्हणजे रबरी नळीचा तुकडा निघाला. मग तिचे बाबा जहाजावर कप्तान आहेत असं कळलं. बाबा ट्रक चालवायचे. मी तिचं नाव ठेवलं टिटवी. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडतं म्हणतात. ही रोज ओरडायची आणि काहीच घडायचं नाही.

झाडलोट करायला एक म्हातारी होती. मी तिला मावशी म्हणायला लागले, तर मुलांनीही तो शब्द उचलला. ती कानांनी ठार बहिरी, शाळेच्या मागच्या खोलीत एकटी राहायची. रोज सकाळी माझ्या दाराशी गरम पाण्याची बादली आणून ठेवायची आणि माझी ओ ऐकू येत नाही म्हणून, मी तोंड दाखवीपर्यंत तिथेच उभी राहायची. माझ्या कोटाचं तुटलेलं बटण तिने न सांगता लावून दिलं होतं. आईनेही माझं एवढं केलं नसेल, असं मी घरी कळवलं होतं, आणि आई दोन दिवस रुसली होती.

मोठ्या सुट्टीच्या आदल्या दिवशी खिडक्या-दारं बंद करणं माझ्याकडे होतं. चार वाजता बस होती. आसपासच्या शाळांतले आम्ही हौशी शिक्षक मिळून समुद्रावर जाणार होतो. शेवटच्या तासाआधी मी धावत वर गेले. बाकांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत धूळ आणि छतापर्यंत रचलेले बाक. "कोणी आहे का?" मी विचारलं. उत्तर आलं नाही. मी कडी लावली, कुलूप घातलं आणि खाली वर्गावर आले.

मावशी बाकांच्या मागे झाडत होती. ठार बहिऱ्या बाईला मी हाक मारून विचारलं होतं.

वरच्या खोलीतून येणारा पाण्याचा पाइप टिटवीच्या बाकाजवळून खाली जायचा. तास संपत आला होता, मुलं दप्तरं भरत होती, नुसता कालवा. टिटवी पाइपावर हात ठेवून उभी राहिली.

"बाई, पाइप वाजतोय. वर कोणीतरी आहे."

"तुझ्या बाबांचं जहाज लागलं असेल गच्चीला," मी म्हटलं.

वर्ग खो खो हसला. तीही जराशी हसली. मग परत म्हणाली, "खरंच बाई. हात लावून बघा ना."

पाइप माझ्यापासून चार पावलांवर होता. मी घड्याळ बघितलं.

"पुरे आता. घरी जा."

सुट्टी नऊ दिवसांची होती. मावशी दर सुट्टीत भावाकडे जायची, त्यामुळे तिची वाट बघणारं इथे कोणी नव्हतं, आणि ती येणार हे भावाला कळवायची तिची पद्धत नव्हती. समुद्रावरचे माझे फोटो अजून आहेत. एका फोटोत मी इतकी हसतेय की डोळे मिटलेत. तो सहाव्या दिवशीचा आहे. त्या दिवशी ती जिवंत होती की नव्हती, याचा हिशेब मी किती वेळा मांडला असेल, देव जाणे.

शाळा उघडली तेव्हा मुख्याध्यापक सरांनी कुलूप काढलं. मावशी भिंतीशी पडलेली होती. पाइपाजवळ झाडूचा दांडा होता, मधोमध मोडलेला.

कुलपाची चूक सगळ्यांनी पोटात घातली. "ती आत असेल हे तुम्हाला काय माहीत," असं सर स्वतःहून म्हणाले. मग त्यांनी मुलांना विचारलं, कोणाला काही ऐकू आलं होतं का. टिटवी उठली.

"मला आलं होतं. मी बाईंना सांगितलं होतं."

बाकीची मुलं दप्तरांकडे बघत बसली. त्यांना त्या दिवशीची घाई आठवत होती आणि माझा विनोद. सर माझ्याकडे वळले. "हिने सांगितलं होतं?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं, "सर, हिचं तुम्हाला माहीतच आहे."

खोटं मी एक अक्षरही बोलले नाही. टिटवी माझ्याकडे बघत राहिली, मग खाली बसली. मेलेल्या माणसावरूनही ही थापा मारते, असं गावभर झालं. तिसऱ्या दिवशी तिची आई तिला बखोटीला धरून घेऊन आली आणि तिने तिला सगळ्यांसमोर माझी माफी मागायला लावली. टिटवीने मागितली. "असू द्या, लहान आहे," मी म्हटलं. म्हणजे वर चांगुलपणाही माझ्याच पदरात पडला.

चार महिन्यांनी मी निघाले. वहीत तिच्यासमोर बराच वेळ पेन धरून बसले आणि रकाना कोरा ठेवला.

गेल्या आठवड्यात तिथल्या नव्या शिक्षकाचं पत्र आलं. मुलगा भला दिसतो. त्याने लिहिलं होतं, "वहीत आहे तशी ही मुलगी मुळीच नाही. ती तोंडच उघडत नाही. काही झालं होतं का?"

दोन दिवस मी ते पत्र पर्समध्ये घेऊन हिंडले. तिसऱ्या दिवशी मी शाळेत फोन लावला आणि सरांना सगळं सांगितलं. पाइप, जहाज, चार पावलं, सगळं. सर एवढंच म्हणाले, "हे मला नका सांगू. तिला सांगा." आणि त्यांनी तिला बोलावून आणलं.

"बाई?"

आवाज इतका खालचा होता की मी ओळखलाच नाही.

"ऐक," मी म्हटलं. "त्या दिवशी तू खरं बोलत होतीस. पाइप वाजत होता. मी बघायला पाहिजे होतं आणि मी बघितलं नाही. नंतरही मी तुला खोटं पाडलं. चूक माझी होती, तुझी नाही."

ती बोलली, मोठ्या माणसाने लहानाची समजूत काढावी तशी.

"नाही बाई, पाइप नव्हता वाजत. मला उगाच तसं ऐकू येतं. अजूनही येतं, पण आता मी कोणाला सांगत नाही."