विहीर क्रमांक चार

"उन्हाळ्यात पाणी सहा मीटर चाळीसवर. पावसाळा संपल्यावरही सहा मीटर चाळीसवर. एका विहिरीचं असतं तर योगायोग म्हटलं असतं. नऊच्या नऊ विहिरी?"

बाईंनी फाइल सल्लागारापुढे सरकवली. खाण कंपनीचा पाण्याचा अहवाल त्याने केला होता. आठ वर्षांपूर्वी तो याच सरकारी कचेरीत, बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

"टायपिंगची चूक असेल, ताई. बदलून आणतो."

"बदलून नको. मोजून आण."

कोळसा खाणींच्या अर्जांतला पाण्याचा आणि खडकांचा भाग तपासणं, हे बाईंचं सव्वीस वर्षांचं काम. खोदून खोदून विचारतात म्हणून सगळे त्यांना पाठीमागे खोदबाई म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

आठवड्यात नवे आकडे आले. या वेळी ते इतके शहाण्यासारखे चढत-उतरत होते, की बाईंचा संशय बळावला. त्या रजा टाकून, मोजायची फीत पिशवीत घालून, बसने खाण होणार होती त्या गावी गेल्या.

चार नंबरची विहीर एका म्हातारीच्या परसात होती.

"आजी, आधी कोण आलं होतं मोजायला?"

"कोण येतंय! तूच पहिली."

फीत अकरा मीटरवर भिजली. म्हातारी काठावर हात टेकून बघत होती.

"खाण झाली तरी पाणी राहील ना गं?"

बाई फीत गुंडाळत राहिल्या. अर्जातले खडकांचे नकाशे त्यांना तोंडपाठ होते. या विहिरीला पाणी देणारा भेगाळलेला वालुकाश्म तसाच पुढे जाऊन कोळशाच्या डोक्यावर पसरला होता. त्यातलं पाणी उपसल्याशिवाय खाली कोळशापर्यंत उतरताच येणार नव्हतं.

"मी लिहिणार आहे, आजी. सगळं लिहिणार आहे."

"लिही बाई. तुमचं लिहिलेलं चालतं."

बाईंनी अकरा पानं लिहिली. तीन आठवड्यांनी साहेबांनी बोलावलं. साहेब वाईट नव्हते. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"तुमची टिप्पणी दोनदा वाचली. एक शब्द खोटा नाही."

"मग?"

"मग काय? परवानगी द्यायचीय. वर ठरलंय." साहेबांनी चष्मा पुसला. "अटी मात्र तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नाही."

बाईंनी अटी लिहिल्या. सातवी अट त्यांनी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिली : 'विहिरींची पातळी तीन मीटरने खाली गेल्यास खाणीतला उपसा थांबवावा.' मसुदा परत आला, तेव्हा 'थांबवावा'च्या जागी 'थांबवण्याबाबत विचार करावा' असं झालं होतं. बाकी काना-मात्राही बदललेला नव्हता.

त्या तडक साहेबांच्या दारापर्यंत गेल्या. आत कुणीतरी बसलं होतं. त्या उभ्या राहिल्या, मग परत टेबलाशी आल्या आणि तपासणाऱ्याच्या जागी सही केली.

घरी नवऱ्याने विचारलं, "झालं का एकदाचं खोदून? काय लागलं?"

एरवी त्या हसल्या असत्या. त्या दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "हात लागला माझा, त्या परवानगीला. तेवढाच."

दोन वर्षांनी खाणीच्या पाहणीसाठी त्यांनाच पाठवलं. त्याआधी त्यांनी उपसा थांबवण्याबद्दल कंपनीला चार पत्रं पाठवली होती. चारही पत्रांना एकच उत्तर आलं होतं : पाऊस कमी झाला आहे, विचार चालू आहे.

खाणीच्या कुंपणाबाहेर मांडीएवढ्या जाड नळातून पाणी नाल्यात पडत होतं. नितळ पाणी. नाल्याकाठी डबे घेऊन बायकांची रांग लागली होती.

"आम्ही हाकलतो, मॅडम," रखवालदार म्हणाला, "पण ऐकत नाहीत. तुमच्या कागदात लिहू नका."

रांगेत म्हातारी होती. तिने बाईंना लगेच ओळखलं.

"मोजायला आलीस होय? कोरडी आहे गं. तळाचे दगड दिसतात."

"आजी, मी लिहिलं होतं..."

"लिहिलं असशील ना." म्हातारीच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटून गेलं. "हे पाणी आमच्या विहिरींचंच आहे म्हणतात. दुपारपर्यंत सोडतात, मग बंद."

तिचा नंबर आला. डबा भरल्यावर तिने झाकण विसळलं, त्यात पाणी घेतलं आणि बाईंपुढे धरलं.

"उन्हातनं आलीस. पी."

रांगेतल्या सगळ्या बघत होत्या. बाईंनी दोन्ही हातांत झाकण घेतलं आणि त्या प्यायल्या. पाणी गार होतं, खूप खोलवरचं.

म्हातारीने झाकण परत घेऊन डब्यावर घट्ट बसवलं, डबा कमरेवर चढवला आणि ती रांगेतल्या मागच्या बाईसाठी बाजूला सरकली.