वरचा मजला नसलेला जिना

मित्रांनो, मी एक जुना जिना आहे आणि मी कुठेही जात नाही. सगळेच जिने जागच्या जागी उभे असतात, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यावरून निदान माणसं तरी कुठेतरी पोहोचतात. माझ्यावरून चढलेल्या माणसाचं डोकं थेट पत्र्यावर आपटतं.

माझा जन्म फिलिपिन्समधल्या बोहोल बेटावर, क्रिस्पुलोच्या बैठ्या घरात झाला. त्याच्या बायकोला, अरासेलीला, वर एक खोली हवी होती. खिडकीतून समुद्र दिसावा, शिलाई मशीन मावावं आणि सासूबाईंचा रेडिओ ऐकू येऊ नये, एवढंच तिचं मागणं. क्रिस्पुलोने उत्साहाच्या भरात आधी मलाच बांधून टाकलं.

"जिना झाला म्हणजे मजला झालाच समज," तो म्हणाला. बिचारीने तसं समजून घेतलं.

सिमेंट वाळल्यावर सासूबाई, म्हणजे लोला एपिंग, काठी टेकत आल्या आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दर पायरीला एकेक शब्द म्हणत माझ्या पायऱ्या मोजू लागल्या. सोनं, चांदी, मरण. सोनं, चांदी, मरण. शेवटची पायरी नेमकी मरणावर आली, म्हणजे घराला अपशकुन.

"अरे गाढवा, आईला वर पाठवायची एवढी घाई?"

"आई, तू तर खालीच राहणार आहेस."

"बघा! आत्तापासूनच मला खाली टाकतोय!"

क्रिस्पुलोने गुपचूप एक पायरी वाढवली. मी सोन्यावर संपलो. शेजारच्या बेर्नाबेने माझ्यावर हात फिरवून "काय जिना आहे!" म्हटलं. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

मजल्याचं लाकूड आणायला अरासेली दर वर्षी एक डुक्कर पोसायची. पण मे महिन्यात गावच्या संताचा सण येतो. त्या दिवशी आमच्याकडे दार उघडं असतं. ओळखीचा असो, नसो, येईल तो जेवून जातो.

"या वर्षी तरी डुक्कर विकू या," अरासेली म्हणायची.

"आणि पाहुण्यांना काय वाढू? जिना? पुढच्या वर्षी नक्की."

अशी माझ्या डोळ्यांदेखत ती खोली दर वर्षी निखाऱ्यांवर खरपूस भाजली गेली. पाहुणे माझ्याच पायऱ्यांवर बसून ती खायचे. कुरकुरीत कातडीवरून भांडायचे. एकदा एका अनोळखी गृहस्थाने तेलकट बोटं माझ्या कठड्याला पुसत विचारलं, "वहिनी, वर काय आहे हो?"

"तुम्ही खाताय ते," अरासेली म्हणाली.

त्याने आणखी वाढून घेतलं.

पुढे माझ्यावर कांदे आले, ओले कपडे आले, एक खुडूक कोंबडी कायमची राहायला आली. लोला एपिंग वारल्या, त्याही खालीच, खुर्चीत, रेडिओ चालू ठेवून. माझ्यावर त्या कधी चढल्याच नव्हत्या.

यंदाच्या सणाला सकाळीच डुक्कर निखाऱ्यांवर गेलं. पत्रा कापायची कात्री घेऊन अरासेली वर आली, कोंबडीला बाजूला सारलं आणि डोक्यावरचा पत्रा कापून तिने गळ्यापर्यंत बाहेर डोकं काढलं.

"अगं, पाऊस आला तर?" क्रिस्पुलो खालून ओरडला.

"त्यालाही जेवायला वाढ. पाहुणाच तो."

मग क्रिस्पुलोने हळूच विचारलं, "दिसतोय का समुद्र?"

"बेर्नाबेचा वरचा मजला दिसतोय."

बेर्नाबे तेव्हा माझ्या तिसऱ्या पायरीवर बसून जेवत होता. त्याने आपलं डुक्कर कधी सणाला कापलंच नव्हतं, दर वर्षी विकलं होतं. तो सणाला आमच्याकडे यायचा.

मित्रांनो, जिन्याला तेलकट हात पुसू नका. आणि कुणाच्या घरी पोटभर जेवलात, तर उठण्यापूर्वी एकदा विचारा, की ही खोली कुणाची होती.