संत्र्यांवरचा अभ्यास

"परीक्षा तोंडावर आलीय आणि संत्री कसली टोचत बसलीस? अभ्यास कर!" बाबा खेकसले.

मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. संत्र्यात सुईने पाणी सोडून सोडून आम्ही हात बसवायचो. बाबांचा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत गेलेला, तेव्हा त्यांना गप्प करायला मला त्यांचंच हत्यार पुरे होतं.

"बाबा, 'अभ्यास' शब्द आला कुठून, सांगा बरं."

राग विसरून ते खुलले. "संस्कृतातून. 'अस्' म्हणजे फेकणं. एकाच रोखाने पुन्हा पुन्हा फेकायचं, म्हणजे तेच ते करत राहायचं. पुस्तक घेऊन बसणं हा अर्थ मागाहून चिकटला."

"मग मी काय करतेय?"

बाबांनी टोपलीकडे पाहिलं. एकही संत्रं धड उरलं नव्हतं.

त्यांच्या इन्सुलिनची वेळ झाली होती. त्यासाठी ते रोज शेजारच्या सिस्टरकडे जात. माझ्या हातात सुई बघूनच त्यांना घाम फुटायचा. आजही त्यांनी चपला घातल्या. मग काढल्या, माझ्यासमोर येऊन बसले आणि सदरा वर केला.

"टोच," ते डोळे मिटून म्हणाले. "पण पुन्हा पुन्हा नको. एकदाच."