तिसऱ्या पंखाच्या मुळाशी

टेबलावर दोन रॉकेटं होती, एक भिंग, हातमोज्यांची एक जोडी आणि परीक्षक काकांचा चहाचा कप. कपात चहा नव्हता, पेन्सिली होत्या. तीन. टेबलाभोवती आम्ही चौघं: काका, मी, माझी ताई आणि कप्तान. कप्तान म्हणजे आमच्या रॉकेट क्लबातला तो मुलगा, जो घरातसुद्धा टोपी काढत नाही.

सकाळी मैदानावर आम्हा बहिणींचं आणि कप्तानाचं, दोन्ही रॉकेटं एकशे त्रेचाळीस मीटर उंच गेली होती. मोठ्या स्पर्धेला क्लबाकडून एकच रॉकेट जातं. उंची सारखी आली की निकाल रंगाच्या रेषेवर. पांढऱ्या नळीवर लाल पट्टा असतो. त्याची कड सरळ रेषेपासून जिथे सगळ्यात जास्त सरकलेली असेल तिथलं माप घ्यायचं. ज्याचं माप कमी, ते रॉकेट जाणार. तेही सारखं आलं, तर पुन्हा उडवायचं. आणि माप आपलं आपण घ्यायचं नाही, प्रतिस्पर्ध्यानं घ्यायचं. “दुसऱ्याचं कुसळ शोधायला माणसाचे डोळे फार तेज असतात,” हे काकांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

आमच्या जोडीत रेषेचं काम माझं. मास्किंग टेप रोलवरून काढून तशीच लावली तर रेषा नीट येत नाही. तिच्या कडेला धूळ असते, टवके असतात. म्हणून ती आधी काचेवर चिकटवायची आणि स्टीलची पट्टी ठेवून नव्या ब्लेडनं कड कापून घ्यायची. मग नळीभोवती लावून कडेवरून नख दाबत न्यायचं. लाल मारण्याआधी त्या कडेवर पांढऱ्याचा आणखी एक पातळ हात द्यायचा. टेपेखाली काही शिरायचंच असेल तर पांढरं शिरतं, आणि पांढऱ्यावर पांढरं कुणाला दिसत नाही.

अडचण पट्टीची होती. बाबांची ही पट्टी एकदा ताईच्या हातून फरशीवर पडली आणि पाच सेंटिमीटर दोन मिलिमीटरवर तिच्या कडेला खाच पडली. ब्लेड तिथे किंचित आत जातं, टेपेलाही तीच खाच पडते आणि लाल रंगाचा एक बारीक दात पांढऱ्यात घुसतो. नवी पट्टी आणून पाहिली. ती दोन टोकं सोडून सगळीकडे वाकडी निघाली. मग मी आकडेमोड केली. क्लबातल्या सगळ्या नळ्या एकाच मापाच्या, घेर अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. पंख तीन. टेपेचं शून्याकडचं टोक पहिल्या पंखापाशी ठेवलं की दात बरोबर तिसऱ्या पंखाच्या मुळाशी, सावलीत येतो. आजवर तो कुणाला सापडला नव्हता. माहीत होता फक्त ताईला आणि मला.

कप्तानानं हातमोजे चढवले, आमचं रॉकेट उचललं, पहिला पंख शोधला, तिथून बोटानं पुढचे दोन मोजले आणि भिंग सरळ तिसऱ्याच्या मुळाशी टेकवलं.

“शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.”

“एवढ्यात?” काका म्हणाले. “मागच्या वेळी तूच नळी फिरवून फिरवून दमलास आणि म्हणालास, ही बाई रेषा काढत नाही, छापते.”

“नजर तयार झाली, काका.”

मी ताईकडे पाहिलं. ती पेन्सिली बघत होती.

मागच्या आठवड्यात आमची पट्टी खिळ्याला उलटी टांगलेली होती, आकडे भिंतीकडे. मी ती सरळ केली आणि विसरून गेले. शंका यायलाही आधी मनात जागा लागते, आणि ताईच्या बाबतीत ती मी कधी ठेवलीच नव्हती.

“ताई, तू सांगितलंस?”

“हळू बोल.”

“सांगितलंस का?”

“सांगितलं. त्याच्या रॉकेटला टेपही मीच लावली. आता कर आरडाओरडा.”

“आपण दोघी जाणार होतो ना गं?”

“दोघी? पाच वर्षं मी नुसता पॉलिश पेपर घासतेय, मोजणीबाई. यंदा टेप मी लावते म्हटलं तर म्हणालीस, तुझा हात थरथरतो. त्यानं न मागता ब्लेड माझ्या हातात दिलं.”

“म्हणून माझा दात त्याला दाखवलास?”

“दात काय, सगळ्यांनाच असतात, धाकटे,” कप्तान हसत म्हणाला.

“तू गप रे!” ताई त्याच्यावर खेकसली.

काकांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हातमोजे माझ्यापुढे सरकवले. “घरचं भांडण घरी. तुझी पाळी.”

मी कप्तानाचं रॉकेट हातात घेतलं. रेषा चांगली होती. कडेवर पांढऱ्याचा पातळ हात होता, नख दाबल्याची सफाई होती, रंग कुठेही पाझरला नव्हता. माझ्या शेजारी बसून घासता घासता ताईनं सगळं उचललं होतं. तिचा हात थरथरला नव्हता. रेषा वाईट असती तर मी कदाचित तिला माफ केलं असतं.

एकच गोष्ट उरली होती. टेप कापायला पट्टी लागते, आणि मागच्या आठवड्यात आमची पट्टी कुणीतरी वापरून उलटी टांगलेली होती.

मी पहिल्या पंखापासून मोजायला सुरुवात केली. ताईचा हात माझ्या मनगटावर आला.

“तिथे नको बघूस,” ती मलाच ऐकू येईल इतकं हळू म्हणाली. “एवढं एक सोड ना गं. पहिल्यांदाच लावलीय मी.”

“फिरव, फिरव,” कप्तान खुर्चीवर रेलून म्हणाला. “घेरी येईल, पण काही सापडायचं नाही.”

त्याला माहीतच नव्हतं. त्यालाही तिनं अर्धंच सांगितलं होतं.

काकांनी कपातून एक पेन्सिल काढली. “हं, आकडा?”

मी मनगट सोडवून घेतलं आणि भिंग टेकवलं.

“तिसऱ्या पंखाच्या मुळाशी. पहिल्या पंखापासून पाच सेंटिमीटर दोन मिलिमीटरवर. शून्य पूर्णांक चार.”