तोंड रस्त्याकडे

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. माझा पांढरा रंग आता पिवळट पडला आहे, एका दिव्याची काच फुटली आहे आणि माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला नावं ठेवणार नाही.

कारखान्यातून माझ्याबरोबर निघालेल्या काही बहिणी पर्यटकांना डोंगर दाखवायला गेल्या, काही श्रीमंतांच्या दारात ऐटीत उभ्या राहिल्या. मी गेले एका मदतसंस्थेकडे. कुठे भूकंप झाला, दरड कोसळली, दुष्काळ पडला, की ही संस्था तंबू, औषधं आणि धान्य घेऊन तिथे हजर व्हायची, मग तो देश कोणताही असो. माझ्या दारांवर संस्थेचं चिन्ह रंगवलं, टपावर उंच अँटेना बसवली. येणारेजाणारे माझ्या बॉनेटवरून कौतुकाने हात फिरवायचे. मला तेव्हाही वाटायचं, एवढं गोड वागताहेत, नक्की हवंय काय यांना?

माझे चालक इतके जपून गाडी हाकायचे की सगळे त्यांना सावकाशकाका म्हणत. त्यांनी मला पहिल्याच दिवशी एक शिस्त लावली. कुठेही थांबायचं ते तोंड रस्त्याकडे करून. आपत्तीच्या जागी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली आणि अचानक पळायची वेळ आली, तर वळवण्यातच जीव जायचा. म्हणून आधी मागे घ्यायची, मग उभी करायची. आमच्या कामात ही सवय ज्याच्या अंगात मुरलेली, तो आपला माणूस. बाकीचे पाहुणे.

या एका गोष्टीवरून मी भल्याभल्यांची परीक्षा घेतली आहे. आमचे पहिले प्रमुख डॉक्टर होते. ते जीपमध्ये बसले की आधी मागची औषधांची पेटी हलते का ते बघत. त्यांच्यानंतर आले निवृत्त लष्करी अधिकारी. ते दार असं आपटायचे की माझे नटबोल्ट सावधान उभे राहायचे, पण गाडीचं तोंड कधी चुकलं नाही. मग एक प्राध्यापिका आल्या. त्या गाडीत बसून गरिबीवर इतकं सुंदर बोलायच्या की काकांना डुलकी यायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला नाक भिंतीला टेकवून उभं केलं. मी मनात म्हटलं, पाहुण्या. वर्षभरात त्या परत पुस्तकांकडे गेल्या.

आणि मग आल्या बिस्किटवाल्या बाई.

त्या येण्याआधीच त्यांची बातमी आली. डोंगर खचून घरं गेलेल्या लोकांसाठी आम्ही नदीकाठी छावणी उभारली होती. तिथे औषधांची खोकी माझ्यातून उतरवता उतरवता छावणीच्या दवाखान्यातल्या सिस्टर काकांना म्हणाल्या, "ऐकलंत का? नवीन बाई बिस्किटाच्या कंपनीतून येताहेत. जन्मभर बिस्किटं विकली म्हणे."

"बिस्किटं?" काका म्हणाले. "मग इथे काय विकणार? तंबू?"

मला हसू आलं नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढी मोठी संस्था, जगभर पसरलेलं काम, आणि प्रमुखपदावर दुकानदारांच्या गळ्यात माल मारणारी बाई? कोणाची तरी ओळख असणार. कुठेतरी पाणी मुरत असणार. कदाचित कंपनीचं शिळं झालेलं बिस्कीट आमच्या छावणीत खपवायचा बेत असेल.

माझा विश्वास होता तो फील्डसाहेबांवर. ते उपप्रमुख होते. त्यांचं प्रत्येक वाक्य 'मी फील्डवर असताना' असं सुरू व्हायचं, म्हणून हे नाव. वीस वर्षं त्यांनी छावण्यांमध्ये काढली होती. चेहरा उन्हाने रापलेला, बुटांना कायमची धूळ, आणि मला उभं करताना तोंड बरोबर रस्त्याकडे. प्रमुखपद त्यांनाच मिळायला हवं होतं असं सगळे म्हणत. मीही म्हणे.

बाई आल्या. बुटक्याशा, खांद्याला मोठी पिशवी, पायात चपटे जोडे. पहिल्याच दिवशी काकांकडून किल्ली मागून घेतली आणि कार्यालयाच्या अरुंद अंगणात मला एका दमात मागे घेऊन, तोंड रस्त्याकडे करून उभं केलं. काका बघतच राहिले.

"बाई, हे कुठे शिकलात?"

"बिस्किटाच्या गाडीवर. मागचं दार दुकानाकडे यायला हवं ना, नाहीतर खोकी कोण वाहणार?"

म्हणजे बघा, सवय आमची, पण कारण भलतंच! माझा संशय कमी व्हायचा तो वाढला. मला वाटलं, कोणीतरी पढवून पाठवलंय.

छावणीत त्या गेल्या की तंबू बघायच्या आधी रस्त्यावरची दुकानं बघत. इथे काय खपतं, कोण उधार देतो, माल कधी येतो. फील्डसाहेब मागे उभे राहून घड्याळ बघत. एकदा ते माझ्या टपावर बोटं वाजवत काकांना म्हणाले, "बाई बाजार करायला आल्यात की छावणी बघायला?" मी मनातल्या मनात त्यांना टाळी दिली.

खरा प्रश्न त्या दिवसांत वेगळाच होता. छावणी नदीकाठच्या सपाट जमिनीवर होती. डोंगरावरून निळेकाळे ढग हलत नव्हते आणि सिस्टर अस्वस्थ होत्या. त्यांच्या ताब्यात बाळंतिणींचा तंबू होता. कोणाचं बाळ चार दिवसांचं, कोणाचं आठवड्याचं, तर कोणी अजून कळा यायची वाट बघत पडलेली. हा तंबू पाण्याला सगळ्यांत जवळ होता.

"छावणी वरच्या माळावर हलवा," सिस्टर माझ्या दाराशी उभं राहून म्हणाल्या. "पाणी चढलं तर या बायकांना घेऊन मी पळू कशी?"

फील्डसाहेब शांतपणे म्हणाले, "सिस्टर, मी फील्डवर असताना एकच नियम पाळला. छावणी पाण्याजवळ. वरचा माळ खडकाळ आहे, तिथे पाण्याचा थेंब नाही. लोक आत्ता कुठे स्थिरावलेत. त्यांना परत उठवायचं म्हणजे हाल आहेत. आणि ही नदी एवढी खाली वाहतेय!"

छावणीतल्या लोकांचंही तेच म्हणणं होतं. घर गेलेल्या माणसाला तंबूचाही लळा लागतो. एक आजोबा तर म्हणाले, "एकदा उठवलंत, आता पुन्हा नको. मी इथून हलणार नाही."

सगळे बाईंकडे बघू लागले. हलवावं तर लोकांचे शिव्याशाप, आणि पाणी आलंच नाही तर जन्माचं हसं. नाही हलवावं आणि पाणी आलं, तर बाळंतिणींचं काय? बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "मी जरा दुकानात जाऊन येते," एवढंच म्हणाल्या.

मला इतका राग आला! माणसं जिवाच्या चिंतेत आणि हिला खरेदी सुचतेय.

किराणा दुकान छावणीला लागूनच होतं. काकांनी मला नेहमीसारखं मागे घेऊन उभं केलं, त्यामुळे माझी मागची काच थेट दुकानाकडे होती आणि आतलं सगळं ऐकू येत होतं. बाईंनी एक बिस्किटाचा पुडा घेतला. उलटून तारीख बघितली, नाक मुरडलं. मग त्यांची नजर फळ्यांवर गेली आणि तिथेच अडकली. वरच्या फळ्या इतक्या गच्च की पुडे अंगावर पडतील. खालच्या दोन फळ्या मात्र रिकाम्या.

"खालच्या फळ्या मोकळ्या का हो?"

"असंच," दुकानदार म्हणाला.

"असंच कसं? मुलांचा माल खालीच ठेवतात, त्यांच्या डोळ्यांसमोर. समोर छावणीभर मुलं आहेत. त्या फळीसाठी मी लोकांशी भांडलेय. मोकळी कोणी सोडत नाही."

"ओल लागते बाई या दिवसांत."

"ओल, की पाणी?"

दुकानदार वजनकाटा पुसत बसला. फार वेळ पुसला. मला त्याचाही संशय आला.

बाईंचा आवाज खाली आला. "दादा, तिथे लहान बाळं आहेत."

"दरवर्षी नाही येत," तो शेवटी म्हणाला. "पण येतं तेव्हा या दुसऱ्या फळीपर्यंत येतं. सासऱ्यांनी दुकान दिलं तेव्हाच सांगितलं होतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही. आणि खरं सांगू का, छावणी आल्यापासून धंदा बरा चाललाय. हलली तर मी कोणाला विकू?" असं म्हणून त्याने मान खाली घातली.

बाई त्याला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "माळावर दुकान लावायला मी तुम्हाला तंबू देते. पण आत्ता माझ्याबरोबर चला आणि हेच लोकांना सांगा."

त्या पुढच्या दोन दुकानांतही डोकावल्या. तिथेही खालच्या फळ्या रिकाम्याच होत्या.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. फील्डसाहेब म्हणाले, "एका फळीवरून छावणी हलवायची? विश्वस्तांना काय कळवू मी?"

"माझं नाव कळवा," बाई म्हणाल्या. "चुकले तर परत बिस्किटं विकीन."

फील्डसाहेबांना ते पटलं नव्हतं. तरी त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहिला तंबू स्वतः उपटला. आधी बाळंतिणी. माझ्या मागच्या आसनांवर गाद्या घातल्या आणि काका माझ्या जन्मात कधी हाकली नाही इतक्या सावकाश मला घेऊन माळ चढले. एक बाळ सगळी वाट रडलं, एक झोपून राहिलं. हलायला तयार नसलेले आजोबा दुकानदाराचं बोलणं ऐकून सगळ्यांत शेवटी बसले आणि माळ येईपर्यंत बाईंना बोल लावत राहिले. माळावर खरोखरच पाणी नव्हतं. टँकर यायला उशीर झाला. लोक करवादले. दुसरा दिवस कोरडा गेला आणि बाईंच्या पाठीमागे हशा सुरू झाला. खरं सांगते, मीही त्यात होते. मनात म्हटलं, आता जा परत बिस्किटांकडे.

त्यानंतरच्या सकाळी, लोक चूल पेटवत असताना, खालून घरघर ऐकू आली. सगळे माळाच्या कडेला धावले. छावणीची सपाट जागा दिसेनाशी झाली होती. बाळंतिणींचा तंबू जिथे होता तिथून झाडाचे ओंडके वाहत चालले होते. सिस्टरांनी जवळचं बाळ उचललं आणि छातीशी घट्ट धरून उभ्या राहिल्या. आजोबा बाईंच्या शेजारी गेले आणि त्यांच्या हातात स्वतःच्या चहाचा पेला दिला.

परतताना फील्डसाहेब पुढच्या आसनावर बसून स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मग म्हणाले, "बाई, माझी वीस वर्षं दुष्काळी भागात गेली. तिथे पाणी दिसलं की माणसं टाळ्या वाजवायची. ते अंगावर धावून येतं, हे मी कधी पाहिलंच नाही."

"आणि मी दुष्काळ पाहिलेला नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला शिकवा."

माझी चडफड झाली. ज्यांच्या बुटांच्या धुळीवर मी डोळे मिटून विश्वास टाकला, ती धूळ खरीच होती, पण ती भलत्याच जमिनीची होती.

पुढे बाई खूप वर्षं राहिल्या. त्या निवृत्त झाल्या तेव्हा अंगणात समारंभ झाला. कर्ण्यावरून निवेदक सांगत होता, "तरुणपणापासून मानवसेवेला वाहून घेतलेल्या…" तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "अहो, बिस्किटं गाळलीत! ती आधी वाचा." सगळे हसले. निवेदक मात्र गोरामोरा झाला.

त्यानंतर माझेही दिवस फिरले. इंजिन काढून नेलं, अँटेना मोडली आणि मला अंगणाच्या कोपऱ्यात ढकललं, नाक भिंतीला टेकवून. माझ्या आसनावर मांजर विते. नवीन प्रमुख येतात, जातात. मी भिंतीकडे बघत त्यांच्या पावलांवर संशय घेत बसते. दुसरं काय करणार?

मागच्या आठवड्यात बाई आल्या, काठी टेकत. बरोबर सावकाशकाका. बाईंनी मला बघितलं आणि म्हणाल्या, "हिला अशी कोणी लावली?"

कार्यालयातला एक जण म्हणाला, "मॅडम, हिला इंजिनच नाही. तोंड कुठेही असलं तरी काय फरक पडतो?"

"तुम्हाला पडतो," बाई म्हणाल्या. "रोज बघून बघून तुम्ही तुमच्या गाड्याही अशाच लावायला लागलात."

खरंच, अंगणातल्या सगळ्या नव्या गाड्यांची नाकं भिंतीला होती. मग तो, काका आणि आणखी दोघे मिळून मला ढकलू लागले. चाकं करकरली, मांजर उडी मारून पळालं आणि मी वळले. किती तरी काळाने रस्ता दिसला. एकेक करत नव्या गाड्याही वळू लागल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, त्यांच्यावर पाणी गळू देऊ नका, हे तर मी मागीनच. पण त्याहून एक मागणं मोठं आहे. आम्हाला टाकून देताना आमच्या सवयी टाकू नका. आणि कोणी नवा माणूस आला की तो कुठून आला हे जरूर विचारा, माझ्यासारखा संशयही घ्या, फक्त उत्तर ऐकल्यावर कान बंद करू नका.

आता मी रस्त्याकडे बघत उभी आहे. मन अगदी भरून आलं आहे. मात्र परवा भंगारवाला फाटकाशी घुटमळून गेला, तेव्हापासून एक शंका डोक्यातून जात नाही. तोंड रस्त्याकडे असलं, की मला ओढून न्यायलाही सोपं जाईल, नाही का?

तरी असू दे. भिंतीपेक्षा हे बरं.